इन्साफ माझ्याकडे कपडे बदलायची

या वर्षी जानेवारीपासून इन्साफ माझ्या घरी कपडे बदलायची. बाहेर जाताना अंगावरचा फुलाफुलांचा गाऊन उतरवून काळा घालायची आणि परत आली की काळा उतरवून पुन्हा फुलाफुलांचा. काळा माझ्या कपाटात, माझ्या ओढण्यांच्या मागे लपवलेला असायचा. तिची आई वारली होती, आणि तिच्या मुलीला ते कळू द्यायचं नव्हतं.

मी तळमजल्यावर राहते. सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता घरी बसून गल्लीला इंजेक्शनं देते. लहानथोर सगळे मला मिस विदाद म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे, पण हात हलका आहे, म्हणून लोक येतात. इन्साफ तिसऱ्या मजल्यावर. तिचा नवरा उस्ता सब्री, उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर, सोफ्याच्या पायांवर गुलाब कोरतो, ती घरी मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवते. आमच्या फर्निचरच्या गावात, दुमियातमध्ये, अशी घरं पायलीला पन्नास. इन्साफसारखी हसणारी बाई मात्र एकच. ती तिसऱ्या मजल्यावर हसली की मला खाली कळायचं, आणि मी छताकडे बघून म्हणायची, झालं, सब्रीने काहीतरी सांडलेलं दिसतंय.

मुलगी एकच, रुदैना. सतरा वर्षांची, बारावीला. बारावी म्हणजे काय हे कुणाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे ज्या घरात बारावीचं मूल असतं त्या घरात त्या वर्षी लग्न नाही, रंगकाम नाही, पाहुणा नाही, टीव्ही नाही. आणि मेलेलं माणूससुद्धा जूनचे पेपर संपेपर्यंत मरत नाही. सगळं गाव हे करतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, मुलाची काळजी म्हणतात. मीही तेच म्हणत होते.

इन्साफला तर दुसरं सुचणंच शक्य नव्हतं. ती स्वतः बारावीला होती तेव्हा तिचा बाप नावेवर असतानाच गेला. रसायनाच्या पेपरच्या सकाळी एका काकाने दारात उभं राहून तिला ते सांगून टाकलं. इन्साफ तशीच परीक्षेला गेली. तीन तास बसली आणि पेपरवर फक्त आपलं नाव लिहून आली. त्या एका पेपरने तिचं औषधशास्त्राचं कॉलेज गेलं, आणि ती शिवणयंत्रावर येऊन बसली. सब्री भला माणूस आहे, संसार चांगला झाला, पण त्या काकाचं नाव निघालं की आजही तिचा चेहरा दगडासारखा होतो. ‘माझ्या पोरीच्या दारात असा कुणी उभा राहिला तर मी त्याचं तोंड शिवून टाकीन,’ असं ती म्हणायची, आणि सुई तिच्या हातातच असायची.

तिची आई, म्हणजे रुदैनाची तैता, इज़्बत अल-बुर्जला राहायची, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे. रुदैनाला सहा वर्षांची होईपर्यंत तैतानेच वाढवलं. जानेवारीत एका गुरुवारी तिच्या मेंदूतली नस फुटली. रुदैनाला सांगितलं, तैताला सर्दी झालीय. शुक्रवारी दुपारी दफन झालं. इन्साफ माझ्याकडे आली, काळे कपडे उतरवले, नळाखाली तोंड धुतलं, आरशात बघून दोनदा हसून पाहिलं आणि वर गेली. थोड्या वेळाने मला वरून तिचं हसणं ऐकू आलं. मी इतकी मढी पाहिली आहेत, पण तसं हसणं कधी ऐकलं नव्हतं. तरी मी म्हटलं, बाई खंबीर आहे.

अडचण फोनची होती. रुदैना दर शुक्रवारी तैताला आपल्या आवाजात निरोप पाठवायची, आणि तैता तिकडून तळणाच्या आवाजात ओरडून उत्तर द्यायची. म्हणून इन्साफने आईचा फोन आणून माझ्या फ्रीजवर ठेवला. दर शुक्रवारी नमाजानंतर ती खाली यायची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून त्या पोरीचा आवाज ऐकायचो. ‘तैता, आज भौतिकशास्त्राच्या सरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. तैता, तुझ्या हातचा भात खावासा वाटतो.’ इन्साफ ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडायची. मग डोळे पुसून, मेलेल्या आईच्या नावाने उत्तर लिहायची: घसा बसलाय गं राणी, बोलवत नाही, म्हणून लिहून पाठवते. तू नीट अभ्यास कर. मी दुआ करते.

‘राणीच्या जागी डोळ्यांची बाहुली लिही, तुझी आई तसंच म्हणायची,’ असं मी सुचवायची. म्हणजे बघा, मी किती बुडालेली होते त्यात.

फेब्रुवारीत रुदैनाचं पोट दुखायला लागलं. आधी शिकवणीला जायच्या वेळी, मग सकाळी उठल्या उठल्या. बडीशेपेचं पाणी झालं, पुदिना झाला. अपेंडिक्स म्हणून सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. मग डोकं दुखू लागलं. चष्म्याचा नंबर तपासला, तोही तोच. इन्साफने कागदाची बाहुली कापली आणि एकेका शेजारणीचं नाव घेत तिला सुईने भोकं पाडली, दृष्ट निघावी म्हणून. माझ्यासमोर म्हणाली, ‘ही विदादच्या नजरेला.’

‘अगं, मी इथे बसलेय,’ मी म्हटलं.

‘बस की. नजर काय विचारून लागते?’

मग मी ताकदीची इंजेक्शनं दिली, सहा. पोरगी कमरेवर सुई घेताना हूं की चूं करत नव्हती. ती मला तांत, म्हणजे मावशी म्हणते. दुखतं का विचारलं तर म्हणायची, ‘नाही तांत, तुमचा हात हलका आहे.’ ईद आली. दर ईदला हे कुटुंब तैताकडे जायचं, एकही ईद चुकली नव्हती. इन्साफने आठवडाभर बहाणा जुळवला होता, शिकवणी आहे, रस्ता खराब आहे, तैता मामाकडे गेलीय. पण रुदैनाने विचारलंच नाही. इन्साफ माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘बघितलंस, किती समजूतदार आहे. नाव काढलं नाही.’ मी मान डोलावली. दोन शहाण्या बायका, एकीलाही वाटलं नाही की न विचारणं हेच भयंकर आहे.

एप्रिलच्या एका सकाळी सातच्या सुमाराला सब्री जिन्यावरून ओरडत आला. त्याच्या पाठीवर रुदैना होती. बिछान्यावरून उठायला गेली आणि उजवा पाय उचललाच गेला नाही, डाव्यावर भार टाकला तर तोही दुमडला. मी तिला माझ्या दिवाणावर झोपवलं. पाय गरम होता, रंग ठीक होता. उचलून सोडला की ओल्या टॉवेलसारखा पडत होता. पोरगी पांढरीफटक, पण रडत नव्हती. इन्साफ मात्र उभ्या जागी थरथरत होती आणि तोंडाने हसत होती. ‘काही नाही गं माझी बाई, रग लागली असेल, रात्रभर एका कुशीवर झोपलीस ना.’

मी घाबरले. खरं सांगते, नर्सने घाबरू नये इतकी घाबरले. नसांना सूज येऊन आधी पाय जातात आणि मग श्वास थांबतो, असा एक आजार आहे. त्यात मी दोन तरुण पोरं डोळ्यांसमोर गेलेली पाहिली आहेत. मी घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजत बसले. इन्साफ माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या तोंडावर काही दिसू नये म्हणून मी पण हसले. ते हसणं रुदैनाने पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

तिला मन्सूराच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाच दिवस ठेवलं. मेंदूचा फोटो, कण्याचा फोटो, नसांना विजेचे झटके देऊन तपासणी, पाठीतून पाणी काढून तपासणी. ज्या यंत्राच्या बोगद्यात मुलीला सरकवत होते त्याच्या दाराबाहेर इन्साफ जमिनीवर बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, वॉर्डबॉयच्या सुद्धा, जणू त्याच्या कपाळावर निकाल लिहिलाय. सब्री कोपऱ्यात उभा राहून भिंतीच्या लाकडी पट्टीवरून अंगठा फिरवत होता. तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. माझ्या मनात एकच शब्द फिरत होता, गाठ. तो मी उच्चारला नाही, आणि कुणीच उच्चारला नाही.

सगळे रिपोर्ट स्वच्छ आले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा केसांत अडकवलेल्या. त्यांनी रुदैनाच्या उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘हा पाय दाब.’ दाबला गेला नाही. मग म्हणाल्या, ‘याला विसर. डावा पाय वर उचल, मी वरून धरते, जोर लाव.’ रुदैनाने डावा उचलायला जोर लावला, आणि त्याच क्षणी उजवी टाच त्यांच्या हातावर घट्ट दाबली गेली. ‘बघ,’ त्या रुदैनाला म्हणाल्या, ‘ताकद आहे. पाय शाबूत आहे. तू मुद्दाम करत नाहीस, हे मला माहीत आहे. वरून पायाला जो हुकूम जातो, तो वाटेत अडकतोय. तो परत सुरू होतो. वेळ लागतो, पण होतो.’

मग आम्हाला बाहेर बोलावलं. ‘घरात काय झालंय?’

‘काही नाही,’ इन्साफ म्हणाली.

‘परीक्षेचा ताण?’

‘मी तिला एक शब्द बोलत नाही. ग्लासभर पाणी तिला स्वतःला घ्यावं लागत नाही. आमच्या घरात दिवसभर हसणं असतं, ह्यांना विचारा.’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नर्स. आजाऱ्याची हकिगत लपवू नये हे मी स्वतः शेकडो बायकांना दरडावून सांगितलेलं. मी म्हटलं, ‘हो, हसतं घर आहे.’

‘या वयाची मुलं घरातलं सगळं ऐकतात,’ त्या म्हणाल्या. ‘न बोललेलं जास्त ऐकतात. बोलायला जागा नसली की मग पोट बोलतं, डोकं बोलतं. नाहीतर पाय. काही आठवलं तर मला फोन करा.’

बाहेर आल्यावर इन्साफ चिडली. ‘म्हणजे माझी पोर नाटक करते?’

‘तसं म्हणाल्या नाहीत त्या.’

‘मग काय म्हणाल्या? मी वाईट आई आहे असं?’

घरी परतल्यावर माझ्या स्वयंपाकघरात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, सांगून टाक पोरीला. ती म्हणाली, पेपरांना सात आठवडे आहेत, आता सांगू? पाय गेलेत, आता डोकंही घालवू? मी म्हटलं, तुझा काका वाईट नव्हता, वेळ वाईट होती. ही चूक मी करायला नको होती. तिने हातातला कप बेसिनमध्ये आपटला. ‘तुला पोर नाही, विदाद,’ म्हणाली. ‘तुला काय कळणार.’ आणि तोंड पुसून वर गेली.

ते खरं आहे, मला मूल नाही. पण त्या बोलण्याने जितकं लागलं, त्याहून जास्त भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती. असे पाय महिनोन्‌महिने पडून राहिले तर आखडतात. चालणं विसरलेली माणसं मी पाहिली होती. मग रिपोर्ट स्वच्छ असून काय उपयोग?

शुक्रवारी ती येणार नाही असं वाटलं होतं. आली. भांडणाबद्दल एक शब्द नाही. फ्रीजवरचा फोन घेतला, खुर्चीवर बसली आणि निरोप लावला.

रुदैनाचा आवाज अगदी हळू होता. अंगावर पांघरूण ओढून बोलत असावी.

‘तैता, मला भीती वाटते. मला वाटतं माझ्या डोक्यात काहीतरी आहे आणि मला कुणी सांगत नाहीये. सगळे हसतात. बाबा बोलत नाहीत. मला रोज सकाळी वाटतं, आज हात पण जातील. मी आईला विचारलं तर ती हसेल. म्हणून तुला विचारते. तू तरी खरं सांग.’

निरोप संपला. इन्साफचा अंगठा नेहमीप्रमाणे उत्तर लिहायला अक्षरांवर गेला. ‘माझ्या डोळ्यांची बाहुली’ एवढं लिहिलं आणि थांबली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिचा अंगठा हवेतच राहिला. काय लिहिणार होती ती? मेलेल्या आईने जिवंत नातीला, मी खरं सांगते, असं लिहायचं?

ती उठली. फोन तसाच हातात, पायांत चप्पल नाही. जिना चढू लागली. मी मागोमाग. दुसऱ्या मजल्यावर ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, ‘विदाद, मला भीती वाटते गं. मी हे बोलले आणि तिचं काही झालं तर?’ मी म्हटलं, ‘मी आहे.’

रुदैना उशीला टेकून बसली होती, मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक. इन्साफने फोन पुस्तकावर ठेवला. पोरीने फोनकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

‘तुझी तैता गेली,’ इन्साफ म्हणाली.

‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘दुसऱ्या शुक्रवारपासून. तैताला लिहिता येत नाही, आई.’

हे तर मला माहीत होतं. पंचवीस वर्षं ती म्हातारी माझ्याकडे येत होती. दवाखान्यातल्या कागदावर अंगठा उठवायची आणि मीच तिच्या अंगठ्याला शाई लावायची.

‘पहिल्यांदा वाटलं, मामाकडचं कुणी लिहून देत असेल,’ रुदैना म्हणाली. ‘मग तू लिहिलंस, नीट अभ्यास कर. तैता मला जन्मात कधी अभ्यास कर म्हणाली नाही. जेवलीस का, म्हणते.’

‘मग तू बोलली का नाहीस? निरोप कशाला पाठवत राहिलीस?’

‘तू वाट बघत असशील म्हणून.’ ती पुस्तकाचं पान उगाच मुडपत होती. ‘तुला वाटत होतं मला माहीत नाही, म्हणून तू ठीक होतीस. मला माहीत आहे असं कळलं असतं तर तू... तू त्या काकाबद्दल बोलतेस ना, तसं. तुझी परत परीक्षा बुडाली असती.’

इन्साफ बिछान्याच्या कडेवर बसली. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही. सवय लागली होती ना, वरच्या मजल्यावर न रडायची.

‘तू हसायचीस,’ रुदैना म्हणाली. ‘तैता गेली त्या दिवशी पण तू हसलीस. नंतर मला कळलं तो कुठला दिवस होता. तेव्हापासून तू हसलीस की मला वाटतं, अजून कुणीतरी गेलं. बाबांना यायला उशीर झाला आणि तू स्वयंपाकघरात हसलीस, तर मी दार उघडून त्यांच्या चपला बघायचे. शिकवणीला जाताना जिना उतरताना वाटायचं, परत येईन तेव्हा घरात किती जण असतील.’ मग तिने आईकडे सरळ पाहिलं. ‘आता माझं सांग. मला काय झालंय?’

‘तुला काही झालेलं नाही, माझ्या जिवा. खरंच काही नाही.’

‘तैतालाही सर्दीच झाली होती.’

इन्साफच्या तोंडावर जे दिसलं ते मला आजही आठवतं. ती खरं बोलत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा शंभर टक्के खरं बोलत होती, आणि तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. ‘वल्लाही,’ तिने देवाची शपथ घेतली. पोरगी तशीच बघत राहिली. तैताच्या सर्दीवरही तिने वल्लाही म्हटलं होतं. मग इन्साफ माझ्याकडे वळली. ‘मिस विदाद, तू सांग तिला.’

‘तांत तर फोन सांभाळायच्या,’ रुदैना म्हणाली. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा इन्साफ उठली आणि कपाटावरून मन्सूराची पिशवी काढली. मोठाले फोटो, रिपोर्टांची थप्पी. सगळं पोरीच्या मांडीवर ओतलं. ‘वाच. मी नाही सांगत, तूच वाच. डॉक्टरांचा नंबर वर आहे, तूच फोन लाव, मी खोलीबाहेर जाते. इथे जे लिहिलंय त्यापेक्षा मला एक अक्षर जास्त माहीत नाही. मला भीती वाटते, रुदैना. तू चालशील की नाही हे मला माहीत नाही. त्या चालशील म्हणतात. मला माहीत नाही. माझी आई गेली आणि मला ओरडून रडायचं होतं आणि मला जागा नव्हती...’ आणि तिथे तिचं बोलणं तुटलं.

ती रडली. आमच्या इमारतीने तिचं हसणं ऐकलं होतं, हे ऐकलं नव्हतं. दोन शेजारणी दारापर्यंत आल्या, मी त्यांना डोळ्यांनीच परत पाठवलं. रुदैना आईकडे अगदी निरखून बघत होती, कापड तपासावं तसं. मग तिने हात पुढे केला आणि आईच्या गालावरचं पाणी बोटाने पुसून बघितलं. त्यानंतर तिचा स्वतःचा बांध फुटला. मग दोघींनी मिळून तैतासाठी जे रडायचं होतं ते रडून घेतलं. मी खाली येऊन चहा ठेवला आणि तो उतू गेला.

दुसऱ्या दिवशी ती उठून चालू लागली असं ऐकायची काहींना फार हौस असते. तसं झालं नाही. पाय आठवडाभर तसाच होता. सब्रीने कारखान्यात लाकडी दांड्या जोडून चालायचा आधार बनवला. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम करून घेणारी एक मुलगी सुचवली. कधी चार पावलं, कधी शून्य. कधी पोट पुन्हा दुखायचं. मे महिन्यात ते तिला इज़्बत अल-बुर्जला कबरीवर घेऊन गेले, चक्क रसायनाची शिकवणी बुडवून. इन्साफने काळा कपडा माझ्या कपाटातून नेला तो परत आणला नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. शाळेने तळमजल्यावरची खोली दिली होती. रुदैना पाय जरा ओढत, पण आपल्या पायांनी आत गेली. फाटकाबाहेर आम्ही पन्नासेक बायका फुटपाथवर पुठ्ठे टाकून बसलो, काही कुराण वाचत, काही नुसत्याच ओठ हलवत. ऊन चढलं होतं.

दहाच्या पुढे इन्साफचा फोन वाजला. कारखान्यातून, उस्ता फक्रीचा. सब्रीचा हात करवतीत गेला होता, दोन बोटं. दवाखान्यात नेलंय, टाके घातलेत.

बातमी फुटपाथभर पसरायला वेळ लागला नाही. बायका सरकून जवळ आल्या. ‘पोरीला सांगू नकोस हं. परवा दुसरा पेपर आहे.’ ‘बाबा कैरोला गेलेत म्हण.’ ‘माझ्या भावाचा अपघात आम्ही तीन आठवडे लपवला, पोराला पंच्याण्णव टक्के पडले.’ ‘त्यात तिच्या पायांचं तसं. पुन्हा गेले म्हणजे?’ एकीने तर आपल्या पर्समधून पावडर काढली, इन्साफचे डोळे सुजलेले दिसू नयेत म्हणून.

इन्साफने पावडरीला हात लावला नाही. तिने फोन माझ्याकडे दिला. मी तिला सल्ला दिला नाही. मलाही तीच भीती वाटत होती, की पाय पुन्हा गेले तर. माझ्या जिभेवर ‘पेपर संपू दे’ आलं होतं, अगदी टोकावर. एवढं सगळं होऊनसुद्धा आलं होतं.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. रुदैना फाटकातून येताना आईचा चेहरा बघून तिथेच थांबली. तिने एका हाताने लोखंडी गज धरला.

इन्साफ तिच्यापर्यंत चालत गेली. ‘तुझ्या बाबांचा हात करवतीत गेला,’ म्हणाली. ‘दोन बोटांना टाके घातलेत. बोटं आहेत, तुटली नाहीत, असं उस्ता फक्रीने फोनवर सांगितलं. मी बघितलेलं नाही. मी घाबरलेय. आता दवाखान्यात जातेय. येतेस का घरी जातेस?’

माझ्यामागे कुणीतरी ‘या अल्ला’ म्हणालं. रुदैना आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा उजवा गुडघा थरथरताना मला झग्यातून दिसत होता, आणि मी धरायला पुढे झाले.

‘किती टाके?’ तिने विचारलं.

‘नऊ म्हणाला.’

‘खरंच नऊ?’

‘तिथे जाऊन मोज.’

रुदैनाने गज सोडला आणि दप्तर माझ्याकडे दिलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. रिक्षा मिळाली नाही, म्हणून त्या दोघी चालत निघाल्या.